बिऱ्हाड हलवताना पत्ता ठेवा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कुठला साचा कुठे आहे, हे कारखानदाराला शोधावं लागत नाही. दिवे गेले तरी हात बरोबर जातो. दाराच्या डाव्या हाताला टिटवाळा, माळ्यावर दगडूशेठ, मागच्या पडवीत मोठे लालबाग. माझं डीटीपीचं दुकान या कारखान्यांच्या जिवावर चालतं. पावतीपुस्तकं, दरपत्रकं, परदेशातल्या गिऱ्हाइकांना पाठवायचे मूर्तींचे फोटो, सगळं मीच करते. कॉम्प्युटर बिघडला की तोही ‘वहिनी, बघा जरा’ म्हणत माझ्याच टेबलावर येतो. आणि मी पाहिलंय, कॉम्प्युटरवरही माणसं फोल्डरचं नाव वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात.

म्हणून २०१३च्या जूनमध्ये माझ्या हातून जे झालं ते अजून बोचतं. एका कारखान्याचं विंडोज सेव्हनचं मशीन फॉरमॅट करायचं होतं. माझा हात बसलेला एक्सपीवर. तिथे ‘माय डॉक्युमेंट्स’ उचललं की सगळं आलं, कारण ‘माय पिक्चर्स’ त्याच्या पोटातच असायचं. २००७च्या व्हिस्टापासून चित्रांनी वेगळं बिऱ्हाड केलं होतं. पण लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइलही दिसाव्यात असं सेटिंग मी करून ठेवलं होतं, त्यामुळे जुन्या जागी ‘माय पिक्चर्स’ दिसलं. ते पोकळ होतं. जुन्या प्रोग्रॅमना नव्या जागेकडे वळवण्यापुरती ती खूण. माणसाने उघडायला गेलं तर परवानगी नाही. कॉपी करताना तसा निरोप आलाही. मी ‘स्किप’ दाबलं.

तीन हंगामांचे फोटो गेले. कारखानदार एवढंच म्हणाले, “साचे आहेत ना? मग झालं.” रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चूक माझीच. फोल्डर हलवले याबद्दल माझी तक्रारही नाही. एक्सपीत हे सगळं ज्या फोल्डरात राहायचं त्याचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे नाव लांबलचक, मध्ये मोकळ्या जागा, आणि फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा. त्यातला बराच भाग घराच्या नावातच खर्ची. त्याजागी ‘युजर्स’ आलं ते बरंच झालं. (‘माय’चं मात्र कोडं आहे. व्हिस्टात काढला, सेव्हनमध्ये परत आणला, पुढे पुन्हा काढला. ‘माय कॉम्प्युटर’चा आधी ‘कॉम्प्युटर’ झाला, मग ‘धिस पीसी’. कुणाचा ते एकदा ठरवा, असं आमच्या सासूबाई म्हणाल्या असत्या.) तक्रार आहे ती न सांगता हलवण्याची, आणि जुन्या जागी नुसतं चितारलेलं दार ठेवण्याची. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं कुलाबाच म्हणत राहिली, पण पेण उठून मुरूडशेजारी गेलं नव्हतं. इथे नावही बदलतं आणि गावही हलतं.

आता तर सामान घराबाहेर चाललंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचा आधार संपला आणि जिकडेतिकडे मशीन बदलली. नव्या मशीनवर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, चालू झालं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स त्याच्या फोल्डरात जाऊन बसतात. फुकट जागा ५ जीबी, म्हणजे एका हंगामाचे फोटोही मावायचे नाहीत. ही सोय नंतर बंद केली की बऱ्याचदा डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तिथे एकच शॉर्टकट उरतो. त्याचं नावच मुळी ‘माझ्या फाइल कुठे आहेत?’

रोह्याहून, माझ्या माहेराहून, भावाचा फोन आला. “ताई, सगळं गेलं.” धाटावला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, बिलं, जीएसटी, सगळं डेस्कटॉपवर. पेणहून गाडी धरली. कासू, नागोठणे, निडी, रोहा. काही गेलं नव्हतं, एक पायरी आत होतं. मशीन बसवणारा सेटिंग करून, पैसे घेऊन, एक अक्षर न बोलता निघून गेला होता.

शाळा असो, पतसंस्था असो की ग्रामपंचायत, नवं मशीन घेताना बसवणाऱ्याला एक अट घाला. काय कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे मराठीत एका कागदावर लिहून दे, मगच बिल. दहा मिनिटांचं काम आहे. मी आता तो कागद छापून थेट कॅबिनेटवर चिकटवते.

परवा, जिथले फोटो गेले होते त्याच कारखान्यात, तो चिकटवला. कारखानदारांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग माळ्याकडे बघत म्हणाले, “वहिनी, साच्यांचीही अशी यादी करून द्याल का? पोरगा आता पुण्याला असतो.”