पीटीच्या मास्तरांची एकोणीस अजिंक्यपदे

बेव्हर्ली हिल्स ही अमेरिकेतल्या सिनेनटांच्या बंगल्यांची वस्ती. तिथल्या शाळेत अ‍ॅल स्केट्स नावाचे एक व्यायामशिक्षक होते. दिवसभर लहान मुलांना पळवायचे, खेळवायचे, भांडणे सोडवायची आणि शाळेचे काम आटोपले की जवळच्या यूसीएलए विद्यापीठाचे मैदान गाठायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. तिथे त्यांची वाट पाहत असत ती सहा-साडेसहा फुटांची ‘मुले’. शाळेतले हे पीटीचे मास्तर विद्यापीठाच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचे प्रशिक्षकही होते.

हा दुहेरी संसार हौसेचा नव्हता. अमेरिकेतल्या विद्यापीठांत पैसा आणि प्रेक्षक खेचतात ते तिकडचा फुटबॉल आणि बास्केटबॉल. व्हॉलीबॉलचा जन्म त्याच देशातला, १८९५ सालचा. पण घरच्या पोराला घरीच मान नाही, तशी त्याची गत. १९६३ मध्ये स्केट्स यांनी संघ हाती घेतला तेव्हा ते स्वतः चोविशीच्या घरात होते. प्रशिक्षकाचे काम अर्धवेळाचे, त्यावर घर चालणे कठीण. शाळेतली नोकरी त्यांनी धरून ठेवली ती त्यासाठीच.

विद्यापीठांची पहिली राष्ट्रीय पुरुष व्हॉलीबॉल स्पर्धा १९७० मध्ये झाली. पहिले अजिंक्यपद यूसीएलएने पटकावले. १९७१ आणि १९७२ मध्येही तेच विजेते. त्याच विद्यापीठात तेव्हा बास्केटबॉलचे महान प्रशिक्षक जॉन वुडन होते. त्यांनी दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि साऱ्या अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले. स्केट्स यांचा आकडा पुढे एकोणीसवर गेला, तरी व्हॉलीबॉलच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

खेळाडूंची ओढाताणही कमी नव्हती. पुरुष व्हॉलीबॉलच्या एका संघाला नियमाने साडेचारच शिष्यवृत्त्या देता येत. मैदानावर उतरतात सहाजण, संघात त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे एकेक शिष्यवृत्ती दोघा-तिघांत वाटली जाई आणि कित्येकजण पदरचे पैसे भरूनच खेळत. अशा मुलांना मैदानावर आणणारी गोष्ट एकच, खेळाची गोडी. ती टिकवायची कशी, हे लहान मुलांना रोज खेळवणाऱ्या मास्तरांना वेगळे सांगावे लागले नसेल.

हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेल्या व्हॉलीबॉलपटूचा मुलगा कार्च किराय त्यांच्याकडे आला. जीवरसायनशास्त्रासारखा अवघड विषय शिकता शिकता तो चार हंगाम खेळला. त्या चार हंगामांत संघाने १२८ पैकी १२३ सामने आणि १९७९, १९८१ व १९८२ ची अजिंक्यपदे जिंकली. किराय पुढे तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी ठरला. २०२१ मध्ये टोकियोत अमेरिकेच्या महिलांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तेव्हा त्यांचा प्रशिक्षकही तोच होता.

पराभव स्केट्स यांनाही चुकले नाहीत. १९९४ च्या अंतिम सामन्यात पेन स्टेट विद्यापीठाने त्यांच्या संघाला हरवले. कॅलिफोर्नियाबाहेर ही ढाल जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि ढाल यूसीएलएकडे परतली.

खरी कसोटी लागली ती २००६ मध्ये. स्केट्स तेव्हा सदुसष्टाव्या वर्षात होते. शेवटचे अजिंक्यपद मिळून सहा वर्षे लोटली होती आणि संघाने चोवीसपैकी बारा सामने गमावले होते. म्हातारा आता थकला, असे कोणीही म्हणावे अशी स्थिती. पण त्यानंतर त्या मुलांनी ओळीने चौदा सामने जिंकले. चौदावा सामना होता अंतिम फेरीचा, पेन स्टेटविरुद्ध, पेन स्टेटच्याच सभागृहात. यजमानांना यूसीएलएने एकही गेम घेऊ दिला नाही. हेच ते एकोणिसावे आणि शेवटचे अजिंक्यपद.

२०१२ च्या हंगामानंतर स्केट्स निवृत्त झाले. १,२३९ विजय आणि २९० पराभव एवढी शिदोरी घेऊन. त्यांच्या जागी आले जॉन स्पेरॉ. एके काळी ते याच संघातून खेळले होते आणि स्केट्स यांच्या हाताखाली सहप्रशिक्षक म्हणूनही राबले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली यूसीएलएने २०२३ आणि २०२४ ची अजिंक्यपदे जिंकली. स्केट्स यांच्या खात्यात ती धरली जात नाहीत. पण शिष्याच्या हातून घडले ते गुरूच्या मेहनतीचेच व्याज.

आपल्याकडेही शाळा सुटल्यावर मैदानात दोन खांब रोवून, जाळी बांधून मुलांना खेळवणारे मास्तर गावोगावी आहेत. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला द्यायचा, हीही आपल्या शाळांची जुनीच रीत. तो तास देऊन टाकताना या मास्तरांच्या मनात काय येत असेल, याचा विचार पालकांनी एकदा तरी करावा. एकोणीस अजिंक्यपदांचा धनी कित्येक वर्षे त्याच तासावर पोट भरत होता.