ब्लँकेटच्या पॅटर्नचं पुस्तक घेताय? चित्रं नंतर बघा, आधी हिशोब बघा



मागच्या आठवड्यात दुकानात एक ताई आल्या. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक, कव्हरवर रंगीबेरंगी क्रोशाचं ब्लँकेट. म्हणाल्या, "ताई, पुस्तक लई भारी दिसायलंय. दोनशे डिझाइन हायेत. याच्यावरच धंदा सुरू करावा म्हणते. कोणती लोकर देताव?"

मी पुस्तक चाळलं आणि त्यांना विचारलं, "यातली किती डिझाइन तुम्ही दहा वेळा, अगदी सारखी, विणू शकता?"

त्या गप्प बसल्या. वाईट वाटून घेऊ नका, हा प्रश्न मलाही सुरुवातीला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर माझे पैसे वाचले असते.

आजचं माझं मत सरळ आहे. छंदासाठी पुस्तक घेताना चित्रं बघा, खुशाल बघा. पण धंद्यासाठी पुस्तक घेताना ते शिलाई मशीन घेतल्यासारखं घ्या. मशीन घेताना आपण नुसता रंग बघतो का? काय शिवता येईल, किती वेळात शिवता येईल, बिघडलं तर कळेल का, हे बघतो. पुस्तकाचंही तसंच आहे. दोनशे डिझाइनच्या पुस्तकापेक्षा नीट समजावलेल्या पंधरा डिझाइनचं पुस्तक धंद्याला जास्त कामाचं.

माझी चूक आधी सांगते

माझं दुकान वालूरला आहे, सेलू तालुक्यात. बारवेमुळे आता बाहेरचे लोकही गावाचं नाव ओळखतात. बीबीए झाल्यावर लग्न होऊन इथं आले आणि मॅचिंग, लोकर, सुया असं छोटं दुकान टाकलं. थोड्याच दिवसांत बाळाच्या आठ ब्लँकेटची ऑर्डर मिळाली. माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. चौघीजणी मिळून विणायला बसलो. पॅटर्न एका इंग्रजी पुस्तकातला, मी झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटला.

पंधरा दिवसांनी आठ ब्लँकेटं एकावर एक ठेवली. पाच एका मापाची आणि तीन त्याच्या जवळपास दुप्पट लांब! बाळासाठी दुपटं मागितलं होतं, आम्ही सतरंजी केली होती. वर त्या लांब ब्लँकेटांना लोकर कमी पडली म्हणून मी नवे गुंडे आणले. नंबर तोच, पण लॉट वेगळा. दिवसाच्या उजेडात दोन पिवळे रंग स्पष्ट वेगळे दिसत होते.

पाच गेली, तीन परत आली. त्या तिघींची मजुरी मी खिशातून दिली, कारण चूक त्यांची नव्हती. चूक माझी होती. पुस्तक कोणत्या देशाचं आहे हे मी बघितलंच नव्हतं.

पहिली तपासणी: पुस्तक कोणत्या देशाची भाषा बोलतं?

आपल्या मराठीत सोपं आहे: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. इंग्रजीत मात्र अमेरिकन आणि ब्रिटिश पुस्तकं एकच नाव वेगवेगळ्या टाक्यांना देतात. 'डबल क्रोशे' म्हणजे अमेरिकन पुस्तकात आपला खांब. तेच दोन शब्द ब्रिटिश पुस्तकात म्हणजे मुका खांब. अमेरिकन लोक ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच ब्रिटिश 'डबल' म्हणतात.

माझं पुस्तक ब्रिटिश होतं. आमच्यातल्या एकीनं व्हिडिओ बघून अमेरिकन पद्धत शिकलेली, तिनं खांब घातले. बाकीच्या तिघींनी मुका खांब घातला. ओळी सगळ्यांच्या सारख्याच, पण खांब उंच असतो, म्हणून तिची तिन्ही ब्लँकेटं लांबली. आता कळलं ना सतरंजी कुठून आली?

म्हणून पुस्तक हातात घेतलं की आधी टाक्यांच्या नावांचं पान शोधा. चांगल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की नावं अमेरिकन आहेत की ब्रिटिश. एक खूण सांगते: नुसत्या नावांत कुठंही 'सिंगल क्रोशे' दिसलं तर पुस्तक अमेरिकन. पुस्तकात शब्दांबरोबर चिन्हांची आकृती असेल तर फारच उत्तम. आकृती वाचायला इंग्रजी लागत नाही. आपल्या गटात दहावी झालेली आणि न झालेली, दोघी एकच आकृती बघून एकच वीण घालू शकतात.

दुसरी तपासणी: सुई मिलिमीटरमध्ये दिली आहे का?

सुयांचे नंबर हा दुसरा घोळ. आपल्याकडे दुकानात विणकामाच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात. त्यात नंबर मोठा तशी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि १० नंबरची ६ मिलिमीटरची. अमेरिकन पुस्तक वाचून तुम्ही माझ्या दुकानात "८ नंबर द्या" म्हणालात, तर मी देईन ती सुई एक मिलिमीटर बारीक असेल. ब्लँकेट लहान आणि कडक होईल. मिलिमीटर न देणारं पुस्तक धंद्यासाठी घेऊ नका.

लोकरीचंही तसंच. परदेशी पुस्तकांत जाडीसाठी ० ते ७ असे आकडे किंवा 'डीके', 'वर्स्टेड' अशी नावं असतात. डीके म्हणजे ३ नंबर, वर्स्टेड म्हणजे ४ नंबर. आपल्याकडचा गुंडा त्या जाडीचा असेलच असं नाही. म्हणून पुस्तकात प्रत्येक डिझाइनला 'टेन्शन' किंवा 'गेज' दिलेलं हवं, म्हणजे १० सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके आणि किती ओळी बसतात ते. हा आकडा असेल तर लुधियानाची लोकर घ्या नाहीतर सुती धागा, माप जुळवता येतं. नसेल तर सगळं नशिबावर.

तिसरी तपासणी: डिझाइन वाटून घेता येतं का?

हे माझं सगळ्यात आवडतं. एकसंध विणायचं मोठं ब्लँकेट एकाच बाईच्या मांडीवर पंधरा दिवस पडून राहतं. शेतात वेचणी आली, घरात पाहुणे आले की काम थांबलं. त्याउलट चौकोनी तुकडे जोडून होणारं ब्लँकेट पाच जणींत वाटता येतं. तुकडा पिशवीत मावतो. बिघडला तर एक तुकडा उसवायचा, अख्खं ब्लँकेट नाही.

ज्याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात त्या चौकोनाचा छापील नमुना १८८५ मध्ये अमेरिकेतल्या 'प्रेरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात आला होता. उरल्यासुरल्या लोकरीतून पांघरूण करायचं, ही शेतकरी घरातलीच कल्पना. आपल्या आजीनं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, त्याच जातीची.

आणि वाटून केलेलं काम किती मोठं होऊ शकतं? ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या महिलांच्या गटानं जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रोशे ब्लँकेटचा गिनीज विक्रम केला, ११,१४८.५ चौरस मीटर! म्हणजे पावणेतीन एकर. असं काम एकटीच्या हातून होत नाही. आणि अनेकींचं काम जोडायचं तर सगळ्यांचं माप एक लागतं.

तेव्हा पुस्तकात तुकड्यांची डिझाइन किती आहेत आणि तुकडे जोडायची पद्धत चित्रांसह दाखवली आहे का, हे बघा. जोडणी नीट न शिकवणारं पुस्तक अर्धवट समजा.

चौथी तपासणी: आपल्या हवेत विकेल का?

परभणीत थंडी पडते, पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आपण पाहिलाय. पण ती किती दिवस? जाड लोकरीचं ब्लँकेट दोन महिने विकतं आणि दहा महिने कपाटात तुमचं भांडवल अडकवून बसतं. परदेशी पुस्तकं बर्फातल्या लोकांसाठी लिहिलेली असतात. तुम्ही कापसाच्या पट्ट्यात राहता. सुती धाग्यात चालतील अशी हलकी, बाळासाठीची, प्रवासाची डिझाइन किती आहेत ते मोजा. बारसं काही थंडी बघून होत नाही.

बाळासाठी करताना मोठ्या भोकांची जाळीदार वीण, लांब झालर, मणी, बटणं टाळा. बाळाची बोटं अडकतात, मणी तोंडात जातात. फोटोत ते छान दिसतं, पण आईनं एकदा तक्रार केली की गावात तोंडोतोंडी जातं.

पाचवी तपासणी: दहा सेंटिमीटरचा हिशोब

आवडलेल्या डिझाइनचा १० बाय १० सेंटिमीटरचा नमुना विणा. वजन करा, घड्याळ लावा. समजा नमुन्याला ५ ग्रॅम लोकर आणि १५ मिनिटं लागली. तुम्हाला ७५ बाय ९० सेंटिमीटरचं ब्लँकेट करायचंय. म्हणजे ६,७५० चौरस सेंटिमीटर, नमुन्याच्या ६७.५ पट. लोकर लागेल साधारण ३३८ ग्रॅम; बॉर्डर आणि वाया जाणारं धरून ३७० ग्रॅम. वेळ लागेल सुमारे १७ तास.

आता लोकर १०० ग्रॅमला ९० रुपये आणि मजुरी तासाला ४० रुपये धरू. लोकर ३३३, मजुरी ६८०, पॅकिंग-वाहतूक ६० रुपये. झाले १,०७३. यात नफा अजून शून्य आहे!

दुसरं डिझाइन घ्या. लोकर तेवढीच, पण वीण किचकट, नमुन्याला २५ मिनिटं. तास झाले २८, मजुरी १,१२०, एकूण १,५१३. दोन्हींत ४४० रुपयांचा फरक. गिऱ्हाइकाला हा फरक दिसतो का? बऱ्याचदा नाही. त्याला रंग दिसतो आणि हाताला मऊ लागतं की नाही ते कळतं. मग रंगावर मेहनत घ्या, किचकट विणीवर नको.

"मी घरीच असते, माझी मजुरी कशाला धरायची?" असं म्हणणाऱ्या ताईंना मी हात जोडते. तुमचा वेळ फुकट धरला तर उद्या ऑर्डर वाढल्यावर दुसरीला काय देणार? स्वतःची मजुरी न धरता लावलेला भाव नंतर वाढवता येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "मागच्या वेळी तर एवढ्यात दिलं होतं."

हक्काचं काय?

टाके कुणाच्या मालकीचे नाहीत. खांब आणि साखळी सगळ्यांची. पण पुस्तकातला मजकूर, आकृत्या आणि फोटो लेखकाचे असतात, त्यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. सुरुवातीचं बारीक अक्षरातलं पान वाचा. काही लेखक विणलेली वस्तू विकायला मोकळीक देतात, काही फक्त घरगुती वापर म्हणतात. शंका असेल तर प्रकाशकाला ईमेल करून विचारा. मी झेरॉक्स वाटली होती, तेही चुकीचंच होतं. आता गटात सगळ्या मिळून दोन प्रती विकत घेतो.

"पण ताई, सगळं फुकट मिळतंय ना?"

हो, मिळतं. मी स्वतः व्हिडिओ बनवते, तरी सांगते. टाका कसा घालायचा हे व्हिडिओत छान शिकता येतं, कारण हात दिसतो. पण वीस एकसारखी ब्लँकेटं करायची असतील, तर पाचजणींसमोर एकच कागद हवा, ज्यावर माप, टाके, ओळी, सुई सगळं लिहिलंय. उद्या उमेदच्या प्रदर्शनात तुमचा माल कुणाला आवडला आणि तो म्हणाला "असेच वीस द्या", तर 'असेच' या शब्दाला जागावं लागतं.

आणि पुस्तक हे शेवटचं नाही. पुस्तकातून तीन डिझाइन निवडा, फक्त तीन. ती आपल्या भाषेत, आपल्या सुईच्या नंबरानं, आपल्या लोकरीच्या वजनानं एका वहीत उतरवा. प्रत्येक पानाला नमुन्याचा तुकडा टाचा, लोकरीच्या गुंड्याचं लेबल चिकटवा, लॉट नंबरसकट. माझी ती वही आज दुकानातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा महाग आहे, ती मी कुणाला विकणार नाही!

त्या ताईंना मी लोकर दिली का? दिली, एकच गुंडा. म्हटलं, दोनशेतली तीन डिझाइन निवडा, तिन्हींचे नमुने विणून, वजन करून आणा, मग बाकीची लोकर. माझी विक्री त्या दिवशी कमी झाली. पण परवा त्या तीन चौकोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यातलं एक परवडत नाही, दोन परवडतात."

दोन पुरेत. सुरुवात दोनावर होते.

तुम्हीही या आठवड्यात एक चौकोन विणा, वजन करा, घड्याळ लावा. आकडा आला की कमेंटमध्ये लिहा. पुढचा हिशोब आपण मिळून करू.