युद्धकाळातील अन्यायाची नोंद पूर्ण करा : इटालियन-अमेरिकन कुटुंबांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. अॅटर्नी जनरल आणि मा. शिक्षण सचिव, अमेरिकेचे संघराज्य सरकार
मा. गव्हर्नर, कॅलिफोर्निया राज्य

विषय : 1942 मध्ये इटालियन रहिवाशांवर लादलेल्या निर्बंधांची नोंद, त्यांविषयीचे शिक्षण व कायद्यातील दुरुस्ती.

महोदय,

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा नागरिकत्व न मिळालेले सुमारे 6 लाख इटालियन रहिवासी एका फटक्यात ‘शत्रुदेशाचे परकीय’ ठरले. फोटो आणि बोटाचा ठसा असलेली ओळखपुस्तिका सतत जवळ बाळगणे त्यांना सक्तीचे झाले. लघुलहरींचा रेडिओ, कॅमेरा, इतकेच काय, साधा टॉर्चही बाळगायला बंदी आली. परवानगीशिवाय घरापासून पाच मैलांपलीकडे जाता येत नसे. पश्चिम किनाऱ्यावर 10 हजारांहून अधिक लोकांना राहते घर सोडावे लागले.

सॅन फ्रान्सिस्कोचे मच्छीमार जुझेप्पे डिमॅजिओ यांना फिशरमन्स वॉर्फच्या धक्क्यावर पाय ठेवायची बंदी होती. त्यांचा मुलगा जो डिमॅजिओ हा तेव्हा देशातल्या सर्वांत लोकप्रिय बेसबॉलपटूंपैकी एक होता. ज्यांची मुले अमेरिकेच्या सैन्यात होती, अशा कित्येकांच्या पोटावर पाय आला. बहुतेक निर्बंध उठवण्याची घोषणा 12 ऑक्टोबर 1942 रोजी झाली. पण लाज आणि भीती घराघरांत मुक्कामाला राहिली.

या मौनाला वाचा फोडली ती समाजाच्याच संस्थांनी. 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘ऊना स्तोरिया सेग्रेता’ हे प्रदर्शन भरले आणि पुढे देशभर फिरले. पाठपुराव्यातून 2000 मध्ये या निर्बंधांबाबत संघराज्याचा कायदा झाला, 2001 मध्ये न्याय खात्याचा अहवाल आला. अन्याय मान्य झाला. मात्र शिक्षण, संशोधन आणि सल्लागार समिती यांबाबत कायद्याने नुसती शिफारस केली. मुदत घातली नाही.

जपानी वंशाच्या लोकांना याच काळात सरसकट छावण्यांत डांबले गेले. त्यांचे सोसणे कितीतरी मोठे होते. त्याच्याशी आम्ही बरोबरी सांगत नाही. आम्हाला नुकसानभरपाईही नको. आमच्या मागण्या अशा :

1. कायद्यात सुचवलेल्या सल्लागार समितीला निश्चित मुदत आणि कामाचा आराखडा द्यावा. तिने दरवर्षी जाहीर अहवाल द्यावा.

2. अटक, स्थानबद्धता आणि स्थलांतराची उरलेली कागदपत्रे खुली करावीत. कुटुंबांना प्रती विनामूल्य मिळाव्यात. सरकारी यादीतून सुटलेली नावे घालण्याची सोपी पद्धत ठरवावी.

3. 1942 साली दहा वर्षांचे असलेले साक्षीदार आज नव्वदी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी स्थानिक समाजसंस्थांना याच आर्थिक वर्षात अनुदान द्यावे. हे काम पुढे ढकलणे म्हणजे ते न करणेच होय.

4. कॅलिफोर्नियाच्या शालेय इतिहासात हे प्रकरण जपानी आणि जर्मन वंशीयांच्या अनुभवासोबत शिकवावे. सॅन फ्रान्सिस्को, माँटरे आणि पिट्सबर्गच्या धक्क्यांवर माहितीफलक लावावेत.

5. या कारवाईचा आधार असलेला 1798 चा परकीय शत्रू कायदा आजही अस्तित्वात आहे. 1942 मध्ये ताब्यात घेतलेल्यांना सुनावणीत वकील देण्याची मुभा नव्हती. जन्मदेश हाच पुरावा मानू नये. प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणी आणि वकील मिळेल अशी दुरुस्ती करावी. ही मागणी आमच्यापुरती नाही, उद्या ज्यांच्यावर संशय घेतला जाईल त्या सर्वांसाठी आहे.

या मागण्यांना साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि जी मागणी अमान्य असेल तिची कारणे नमूद करावीत, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य