वाऱ्याचा अंदाज मुलांना वाचता आला पाहिजे



दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. ही व्याख्या आपली मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण "आज आपल्या गावात वारा कुठून येतोय?" असं विचारा, निम्मा वर्ग गप्प होतो. किनाऱ्यावरच्या शाळेत तरी हे चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रीवर्धनचंच उदाहरण घ्या. छोटंसं गाव, समोर समुद्र, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. छपरं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं रोप हाताशी यायला कितीतरी वर्षं लागतात. एका दुपारचा वारा माणसाला एवढी वर्षं मागे नेतो. पण हवामान खात्याचा इशारा आधी आला होता, म्हणून हजारो लोकांना वेळेत हलवता आलं. इशारा वाचता येणं ही जगण्याची गोष्ट आहे, ती नुसती परीक्षेची नाही.

आता रोजचा अंदाज बघा. तो बहुतेक वेळा जिल्ह्याच्या नावाने येतो. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनही येतं आणि माथेरानही! डोंगरमाथ्यावरचा वारा आणि बंदरावरचा वारा एकसारखा कसा असेल? म्हणून अंदाज वाचायचा आणि गावात नजरही टाकायची. दोन्ही शिकवायला हवं.

मुलांना तीन गोष्टी पक्क्या कराव्यात.

१) दिशा : 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा. मुलं बाण नेमका उलटा काढतात.

२) वेग आणि झोत : 'ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ किमी' असं लिहिलेलं असतं. होडीला आणि पत्र्याला धोका त्या झोताचा जास्त. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, हेही मोठ्या मुलांना सांगा.

३) तारीख आणि ठिकाण : अंदाज कधीचा, कुठला आणि कोणी दिलेला?

यंत्र नाही म्हणून अडू नका. ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची ० ते १२ अशी मोजपट्टी केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. पानं सतत हलतात, तेव्हा वेग साधारण १२ ते १९ किमी. धूळ आणि कागद उडायला लागले की २० ते २८. छत्री धरवेना झाली की ३९ ते ४९. अख्खं झाड हलायला लागलं की ५० ते ६१. तेव्हा मुलं मैदानावर नकोत, झाडाखाली तर नकोतच.

"पोर्शन कधी पूर्ण करायचा?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. पण परिपाठातली पाच मिनिटं पुरतात. एका मुलाने फळ्यावर अंदाज लिहायचा, दुसऱ्याने बाहेर बघून नोंद करायची. महिनाभराच्या नोंदींतून गणिताचा स्तंभालेख होतो, परिसर अभ्यासाचा धडा होतो. अंदाज किती वेळा जुळला, किती वेळा चुकला, हेही मुलंच मोजतील. अंदाज म्हणजे भविष्य नव्हे, हे त्यांना आपोआप कळेल.

पालकहो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा. व्हॉट्सॲपवर वादळाचा जुना व्हिडिओ येतो आणि आपण तो पुढे ढकलतो. त्याऐवजी मोबाईल मुलाच्या हातात द्या आणि विचारा, "बाळा, ह्याची तारीख कुठली? हे आपल्या भागाचं आहे का?" घरात कोणी समुद्रावर जात असेल, तर वारा ते कसा ओळखतात हे मुलाला त्यांच्याकडूनच ऐकू द्या. ते ज्ञान आपल्या पुस्तकात नाही.

उद्याच्या परिपाठापासून सुरुवात करूया. फळ्याच्या कोपऱ्यात फक्त एक ओळ : आजचा वारा.