तळाच्या चौकटीतले पाहुणे

दोस्तांनो, जुन्या नाशकातल्या वाड्यांत पूर्वी दहा-दहा बिऱ्हाडं असायची. भाडेकरूने दाराला तोरण बांधावं, फार तर भिंतीत खुंटी ठोकावी. भिंत पाडायची म्हटलं, की मालक काठी टेकत हजर! इंटरनेटवर गप्पांसाठी तयार संकेतस्थळं मिळतात ना, त्यांचंही तस्संच. वाडा मालकाचा, बिऱ्हाड आपलं.

निंग नावाच्या कंपनीने २००५ साली असे वाडे फुकट द्यायला सुरुवात केली. (२०१० मध्ये भाडं सुरू केलं. काय करणार, मालकाची मर्जी!) रंग, चित्रं तर बदलता यायचीच. शिवाय एक रिकामी चौकट मिळायची. तिच्यात संगणकाच्या भाषेतल्या चार ओळी डकवल्या, की त्या प्रत्येक पानाच्या तळाशी जाऊन बसत. अशी चौकट आजही पुष्कळ ठिकाणी मिळते.

तळाशीच का बरं? ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. पान मांडून झालं, की मग आपल्या ओळींची पाळी. आधी सडा, मग रांगोळी!

या ओळी दोन जातींच्या असतात. सीएसएस दिसण्याचं बघते : मथळा निळा, अक्षर मोठं. जावास्क्रिप्ट मात्र कामं करते. घड्याळ चालवते, पाहुणे मोजते, पानावर बर्फसुद्धा पाडते. पण ज्या हातांनी ती बर्फ पाडते, त्याच हातांनी पानावरचं वाचू शकते आणि तुमच्या नावाने बटणं दाबू शकते. तेही एकट्या तुमच्या नव्हे, पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर. म्हणून अनोळखी ओळी डकवणं म्हणजे साऱ्या वाड्याची किल्ली वाटेवरच्या माणसाला देणं.

आई-बाबांना ऑर्कुटबद्दल विचारा. डोळे चमकतील त्यांचे! गूगलचं हे संकेतस्थळ २००४ ते २०१४ चाललं आणि भारतात भलतंच गाजलं. त्या काळी सायबर कॅफेत बसून मुलं कुणीतरी पाठवलेली जावास्क्रिप्टची ओळ पत्त्याच्या पट्टीत डकवायची, कधी पानाचा रंग बदलायला, तर कधी सगळ्या मित्रांना एका झटक्यात निरोप धाडायला. आत काय लिहिलंय हे कोण वाचतंय?

मग २५ सप्टेंबर २०१० उजाडला. वार शनिवार. ऑर्कुटवर धडाधड निरोप येऊ लागले, 'बों साबादो'. पोर्तुगीज भाषेत 'शुभ शनिवार'! निरोप नुसता पाहिला, तरी त्यात दडलेल्या ओळी तुमच्या नावाने तोच निरोप तुमच्या मित्रांना पाठवायच्या. कुणी काही डकवलंही नव्हतं. ऑर्कुटच्या दारालाच फट राहिली होती. ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे एकच गोंधळ उडाला.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. कधी कधी डकवलेल्या ओळीत काम नसतंच, फक्त पत्ता असतो : 'अमुक ठिकाणाहून ओळी आणा.' पॉलिफिल नावाचा असाच एक उपयोगी पत्ता लाखाहून जास्त संकेतस्थळांवर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा मालक बदलला. जूनमध्ये लक्षात आलं, की तिथून आलेल्या ओळी मोबाइलवरच्या काही पाहुण्यांना थेट सट्ट्याच्या संकेतस्थळावर नेऊन सोडताहेत. डकवणाऱ्यांनी एक अक्षरही बदललं नव्हतं, बरं का! मला विचाराल, तर चोरट्या निरोपापेक्षा हे प्रकरण जास्त घाबरवणारं आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. मोठ्यांना शेजारी बसवा आणि संगणकावर तुमचं एखादं आवडतं पान उघडा. रिकाम्या जागी माउसची उजवी कळ दाबून 'व्ह्यू पेज सोर्स' निवडा. अक्षरांचं जंगल दिसेल, घाबरू नका. सरळ तळाला जा, तिथून वर येत 'स्क्रिप्ट' हा इंग्रजी शब्द शोधा आणि त्यातले किती पत्ते बाहेरगावचे आहेत, ते वहीत लिहून ठेवा.