हरणीबद्दलही बोला, फादर!

‘फादरनी राजकारणात पडू नये’ हे आमच्या बडोद्याच्या फत्तेगंजात दर निवडणुकीला ऐकू येतं. २०१७च्या गुजरात विधानसभा निवडणुकीआधी गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी पत्र काढलं : राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करा. लगेच निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली, मग आर्चबिशपांचा खुलासा. पत्र लिहायचा त्यांना पूर्ण हक्क होता, असं मी तेव्हाही म्हणत होते. माझी तक्रार वेगळीच आहे. स्वतःवर बेतलं की आम्ही ख्रिस्ती बोलतो. शेजाऱ्यावर बेतलं की प्रार्थनेला बसतो.

याच बडोद्यात १९१७ साली सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना कुणी खोली देईना. लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना आपल्या धर्मशाळेतून बाहेर काढलं, तेव्हा एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. हिंदू मित्राने नोकरांची सबब सांगितली. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. या मित्राचं घराणं मूळचं ब्राह्मण. नवरा मोकळ्या विचारांचा, बायको जुन्या वळणाची. ती सबबच होती, हे आंबेडकरांना नंतर कळलं. कामाठी बागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

आज चर्च अनुसूचित जातींबाबतच्या १९५०च्या आदेशात बदल मागतं, दलित ख्रिस्तींसाठी त्या जातींच्या सवलती मागतं. मागणी रास्तच आहे. पण जात आमच्यातही आहे, हे सरकारला लिहून देणारे आम्ही रविवारच्या प्रवचनात मात्र तिचं नाव काढत नाही.

जून २०२४मध्ये बडोद्याच्याच हरणी भागातल्या मोटनाथ रेसिडेन्सीत, महापालिकेने मुख्यमंत्री आवास योजनेतून एका मुस्लिम बाईंना दिलेल्या घराला रहिवाशांनी विरोध केला. घर २०१७ सालीच सोडतीत मिळालेलं, कागद चोख. मी जाते त्या चर्चमध्ये त्यानंतरच्या रविवारी त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. तिथे आमच्यातल्या एखाद्या डिसूझाला किंवा परमारला घर नाकारलं असतं, तर संध्याकाळपर्यंत कलेक्टर कचेरीत निवेदन पोचलं असतं.

पुढच्या निवडणुकीआधी पत्र जरूर काढा. त्याआधी एक पत्र हरणीच्या बाईंच्या बाजूने महापालिकेला जाऊ द्या. चर्चच्या खोल्या भाड्याने देताना जात-धर्म विचारणार नाही, हेही नोटीस बोर्डावर लावा. मग ‘राजकारणात पडू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला मी पुढे होईन.