घड्याळ पुढे, मंडळी मागे

मंडळी, सलाम! आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत असंच म्हणतात. तुम्ही नमस्कार म्हणा, रामराम म्हणा, आम्हाला सगळं पोहोचतं. फक्त ‘फादर’ म्हणू नका. फादर लोक लग्न करीत नाहीत, आणि आमच्या सौभाग्यवती हा अंक वाचतात.

गेल्या खेपेला आम्ही बर्फावर लिहिलं. त्यावर संपादकांचा निरोप आला, “पाळकसाहेब, ह्या वेळी जरा ऊबदार विषय घ्या.” तेव्हा आज उन्हावर लिहितो. म्हणजे ऊन वाचवण्याच्या सरकारी उद्योगावर.

९ मार्च २०२५ च्या रविवारी पहाटे दोनाचे तीन वाजले आणि सकाळी दहाच्या उपासनेला आमच्या चर्चमध्ये माणसं जमली सतरा. त्यांत ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, आमच्या सौ. आणि आम्ही स्वतः धरून. तरी आम्ही उपदेश केला. पुढच्या बाकावरचा एक तरुण डुलक्या घेऊ लागला तेव्हा आम्हाला बायबलातल्या युतुखाची आठवण झाली. संत पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला, आणि खिडकीत बसलेला हा पोरगा झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत केलं आणि वर जाऊन पुन्हा उजाडेपर्यंत बोलत बसला! आमचं चर्च एकमजली आहे, ही देवाची कृपा.

अकरा वाजता आम्ही शेवटचा आशीर्वाद द्यायला हात वर केले, आणि नेमक्या त्याच क्षणी एक वयस्क अमेरिकन जोडपं ठरल्या वेळी आल्याच्या थाटात आत येऊन बसलं. आशीर्वाद झाला, लोक उठले. दारात त्या आजोबांनी आमचा हात हातात घेऊन सांगितलं, “पास्टर, तुमचा आजवरचा सगळ्यांत चांगला उपदेश!”

आता कोणी म्हणेल, घड्याळ रविवारीच का हलवायचं? तर म्हणे रविवारी पहाटे कुणाची फारशी गैरसोय होत नाही. कुणाचीच नाही! रविवारी कामावर जाणारी आमची एक जमात आहे, तिला विचारतो कोण? इथे ही रीत १९१८ साली पहिल्या महायुद्धात सुरू झाली. शेतकरी भडकले, कारण गाईला कायदा वाचता येत नाही, ती आपली उजाडल्यावरच दूध देणार. पुढच्याच वर्षी काँग्रेसने तो कायदा मोडून काढला, तोही अध्यक्ष विल्सन यांचा नकार डावलून. हे विल्सन म्हणजे आपल्या न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर, आणि पाळकाचे चिरंजीव! घरचाच माणूस असा निघाला तर तक्रार कुठे करायची? १९६६ साली सबंध देशासाठी कायदा झाला, आणि २००७ पासून मार्चचा दुसरा रविवार ठरून गेला. २०२२ च्या मार्चमध्ये हा मागे-पुढेचा खेळ बंद करून उन्हाळी वेळच कायम ठेवायचा ठराव सेनेटमध्ये कुणीही हरकत न घेता पास झाला. आम्ही तेव्हा आनंदाने उपदेशात त्याचा उल्लेखही केला होता. पुढे खालच्या सभागृहाने तो हातातच घेतला नाही.

आपल्या मराठी मंडळाला मात्र ह्याचा काही उपद्रव नाही. तीनचा कार्यक्रम चारला सुरू होतो. मार्चमध्ये कुणी घड्याळ लावायला विसरला, तर तो बरोबर वेळेवर पोहोचतो.

नगरला (आता अहिल्यानगर) आमच्या आईला हे प्रकरण समजवायला आम्हाला एक आख्खा उन्हाळा लागेल असं वाटलं होतं. पण तिला ते आमच्याआधी ठाऊक होतं. “अरे, लढाईत आमच्याकडेही केलं होतं की,” ती म्हणाली. १९४२ ते १९४५ हिंदुस्थानात घड्याळं तासभर पुढे होती. तेव्हा ती शाळकरी पोर. तिचे वडील म्हणे कुणी वेळ विचारली की दोन सांगायचे, एक सरकारची नि एक सूर्याची.

आमचा फोन शनिवारी रात्रीचा. इथे हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा, म्हणजे तिकडे रविवारचे सकाळी आठ. फोन झाला की ती उपासनेला निघायची. तिने स्वयंपाकघरात आपल्या घड्याळाशेजारी दुसरं एक घड्याळ लावून घेतलं, ते ‘अमेरिकेचं’. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये आमचा धाकटा भाऊ स्टुलावर चढायचा आणि ती खालून हुकूम सोडायची.

२०११ च्या नोव्हेंबरात आम्ही घोळ घातला. नाताळच्या तयारीच्या गडबडीत जुन्याच वेळेला, साडेदहाला, फोन लावला. तिकडे नऊ वाजले होते. ठेवणीतलं लुगडं नेसून, गीतांचं पुस्तक आणि पर्स मांडीवर घेऊन ती एक तास फोनपाशी बसून होती. उपासना चुकली. आम्ही ओशाळून माफी मागायला लागलो तर म्हणाली, “असू दे. पाळकाचाच फोन येणार होता, म्हटलं इथेच होईल उपासना. चल, गीत म्हण एक.” रात्री साडेदहाला न्यू जर्सीत आम्ही फोनवर गीत म्हटलं. सौ. झोपेतून उठून पाहायला आल्या.

ह्या जानेवारीत तिने अंथरूण धरलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, बोलत होती. वय एकोणनव्वद. तिच्या उशाशी बसून आम्ही मोठ्या हुशारीने हिज्कीया राजाची गोष्ट काढली. राजा मरायला टेकलेला असतो, भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि देव त्याला पंधरा वर्षं वाढवून देतो. खूण म्हणून सावली दहा पायऱ्या मागे सरकवतो. घड्याळ मागे करायचं तर असं! आईने चार ओळी ऐकल्या नि डोळे उघडले. “दुसरं काहीतरी वाच,” म्हणाली, “पंधरा वर्षं मी काय करू रे?” आम्ही स्तोत्र काढलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

फेब्रुवारीत आम्ही परत आलो. दर शनिवारी साडेनऊला हात फोनकडे जायचा, तो सौ. पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. घड्याळबदल होऊन गेला, ते सतरा माणसांचं प्रकरण झालं, आणि पुढच्या शनिवारी रात्री साडेदहाला फोन आमचाच वाजला. नगरहून भाऊ.

“दादा, ते अमेरिकेचं घड्याळ. यंदाही बदलायचं का?”

आम्हाला काही क्षण बोलता येईना. आम्ही म्हटलं, “बदल.”

“बरं,” तो म्हणाला, आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. खालून हुकूम सोडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने ते पुढे करायच्याऐवजी तासभर मागे केलं. हे आम्हाला पाडव्याच्या सुमारास वहिनींकडून कळलं. म्हणजे सध्या नगरच्या स्वयंपाकघरात आम्ही दोन तास मागे आहोत. आम्ही दुरुस्त करायला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात त्याने पुन्हा असाच घोळ घालून ते पुढे केलं, की आपोआप बरोबर होईल.